दोघांचा भयखेळ विकत घेण्याआधी

मे महिन्यात पुण्या-मुंबईची चुलत-मावस भावंडं धाराशिव, कळंब, उमरग्याकडं आली की एक बेत हमखास ठरतो. जेवणं झाली, मोठी माणसं गच्चीवर झोपायला गेली की टीव्हीला कन्सोल लावायचा आणि दोघांनी मिळून झोंबीचा नाहीतर भुताचा गेम खेळायचा. त्यासाठी कुणीतरी सोलापूरहून किंवा लातूरहून डिस्क आणतं. नाव ऐकलेलं असतं, भाग नवा असतो, डबीवर दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी असतात. घरी आल्यावर कळतं की खेळ दोघांचाच आहे, पण दुसऱ्यानं दुसऱ्या घरात, दुसऱ्या कन्सोलवर, दुसरी प्रत घेऊन बसायचं आहे. मग पैसे खर्चूनही दोघं आळीपाळीनं एकट्यानंच खेळतात.

सर्व्हायवल हॉरर म्हणजे गोळ्या कमी, औषध कमी, अंधार भरपूर आणि समोरचा आपल्यापेक्षा बळकट, असा खेळ. त्यात दोघांनी किंवा चौघांनी एकमेकांना जगवायचं असेल तर त्याला कोऑप म्हणतात. असा खेळ निवडताना चित्रं किती खरी, भाग कितवा, यंत्र किती ताकदवान हे सगळं नंतर बघा. आधी एकच ठरवा: माझा जोडीदार कुठं बसणार आहे? माझ्या शेजारी, की पुण्याच्या होस्टेलवर? कोणता खेळ आणि कोणतं यंत्र घ्यायचं, हे त्या उत्तरावर ठरतं.

जोडीदार शेजारी असेल तर

एका टीव्हीवर पडद्याचे दोन भाग करून खेळायची सोय, म्हणजे स्प्लिट-स्क्रीन, ज्या खेळात आहे तोच घ्या. अशा खेळांत मी सगळ्यात आधी 'रेसिडेंट ईव्हिल ५' सुचवीन. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा खेळ मार्च २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला. ख्रिस आणि शेवा ही जोडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर असते. एकट्यानं खेळलात तर शेवाला संगणक चालवतो आणि ती औषधं नको तिथं खर्च करते. खरा खेळ शेजारी माणूस बसल्यावरच सुरू होतो.

हाच खेळ पुढं इतर यंत्रांवर गेला. एका यंत्रासाठी केलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर चालेल असा पुन्हा बसवला की त्याला पोर्ट म्हणतात. रेसिडेंट ईव्हिल ५ चा पीसी पोर्ट त्याच वर्षी सप्टेंबरात आला, पण त्यात स्प्लिट-स्क्रीन नव्हतं. कन्सोलवर दोघं शेजारी बसून खेळत होते आणि पीसीवाल्यांना ती सोय अधिकृतपणे मिळायला २०२३ उजाडलं. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनचा पोर्ट २०१६ मध्ये आला, निन्टेंडो स्विचचा ऑक्टोबर २०१९ मध्ये. खेळ एकच, गोष्ट एकच, पण दुसऱ्याला जागा प्रत्येक यंत्रावर वेगळी. म्हणून कुणी नुसतं 'हा गेम कोऑप आहे' म्हणालं तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. 'कोणत्या यंत्रावर?' असं विचारा.

'रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स २' च्या बाबतीत तर खरेदीदार उघड उघड चिडले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो आला तेव्हा कन्सोलवर दोघांची सोय होती, पीसीवर नव्हती. ओरड झाली आणि कंपनीला ती सोय घाईघाईनं मागून द्यावी लागली. गंमत म्हणजे त्याची मुख्य गोष्ट दोघांनी खेळायची ती एका खोलीत बसूनच, ऑनलाइन नाही. होस्टेलवरच्या भावासाठी घेतलात तर उपयोग नाही, घरातल्या बहिणीसाठी घेतलात तर उत्तम.

दुसरा कंट्रोलर महाग पडतो ही खरी अडचण आहे. एका कंट्रोलरवर चालणारा मार्गही आहे. 'द डार्क पिक्चर्स' या मालिकेतल्या 'मॅन ऑफ मेडन' (२०१९), 'लिटिल होप' (२०२०), 'हाउस ऑफ अॅशेस' (२०२१) आणि 'द डेव्हिल इन मी' (२०२२) या चारही खेळांत मूव्ही नाइट नावाची सोय आहे. पाच जणांपर्यंत प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि आपली पाळी आली की कंट्रोलर हातात घ्यायचा. नेमबाजी येत नसलेल्या काकूसुद्धा यात बसतात, कारण खेळ बराचसा निर्णयांचा आहे. एकाच्या चुकीच्या निवडीनं दुसऱ्याचं पात्र मरतं, त्यामुळं बघणारा कुणी उरत नाही, सगळेच खेळत असतात.

जोडीदार लांब असेल तर

इथं नियम उलटे होतात. 'डेड स्पेस ३' (फेब्रुवारी २०१३) दोघांचा आहे, पण फक्त ऑनलाइन. त्यामागं कल्पना मोठी छान आहे. कार्व्हर चालवणाऱ्याला काही जागी जे दिसतं ते आयझॅक चालवणाऱ्याला दिसत नाही. कार्व्हरला भास होतात आणि आयझॅकवाला विचारत राहतो, 'अरे, तू गोळ्या कुणावर झाडतोयस?' एकाच टीव्हीवर हे जमलंच नसतं. सोबत असली की भीती कमी होते, ही कोऑप भयखेळांची जुनी अडचण आहे. ती अशा युक्तीनं सोडवणारे खेळ मला जास्त मोलाचे वाटतात.

'किलिंग फ्लोर २' हा सहा जणांचा खेळ आहे. त्याचा पहिला भाग २००९ मध्ये आला, आणि त्याच्याही आधी २००५ मध्ये तो दुसऱ्या एका खेळावर हौशी लोकांनी केलेला फेरफार होता. दुसरा भाग नोव्हेंबर २०१६ मध्ये पीसी आणि प्लेस्टेशन ४ वर, तर एक्सबॉक्स वनवर २०१७ मध्ये आला. त्यात स्प्लिट-स्क्रीन नाही. 'लिटिल नाइटमेअर्स ३' ऑक्टोबर २०२५ मध्ये जवळजवळ सगळ्या यंत्रांवर एकदम आला. आधीच्या दोन भागांत कोऑप नव्हतं, तिसऱ्यात लो आणि अलोन या दोन मुलांची जोडी आहे. बरेच पालक तो दोन भावंडांना एका टीव्हीवर खेळता येईल म्हणून घेतात, पण तो फक्त ऑनलाइनच आहे. त्याला फ्रेंड्स पास मात्र आहे. एकानं विकत घेतला की दुसऱ्यानं फुकट उतरवून त्याच्याबरोबर खेळायचं. दोघांकडं एकाच कंपनीचं यंत्र हवं, एवढं लक्षात ठेवा.

यंत्रं वेगवेगळी असतील तर क्रॉसप्ले असलेला खेळ शोधा. 'फॅस्मोफोबिया' सप्टेंबर २०२० मध्ये पीसीवर आला, ऑक्टोबर २०२४ मध्ये कन्सोलवर, आणि पीसीवाला व कन्सोलवाला एकाच घरातलं भूत शोधू शकतात. भूत मारायचं नसतं, कोणत्या जातीचं आहे ते ओळखायचं असतं. फार घाबरणाऱ्यानं बाहेरच्या गाडीत बसून कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायचं, तेही काम महत्त्वाचंच असतं. भूत अंगावर यायला निघालं की ते तुमच्या माइकमधला आवाज ऐकतं. स्वयंपाकघराशेजारी बसू नका.

स्प्लिट-स्क्रीनचा खेळ पीसीवर असेल आणि भाऊ लांब असेल, तरी एक वाट आहे. स्टीमवर रिमोट प्ले टुगेदर नावाची सोय २०१९ पासून आहे. खेळ एकाकडंच असला तरी चालतो. तुमच्या पडद्याचं चित्र भावाकडं जातं आणि त्याचा कंट्रोलर तुमच्या पीसीवर चालतो. यासाठी तुमच्याकडून बाहेर जाणारा वेग, म्हणजे अपलोड, चांगला लागतो. तो फायबरवर मिळतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्वचितच.

यंत्र घेताना

भारतात निन्टेंडोचं अधिकृत दुकान नाही. स्विच मिळतो तो बाहेरून आणलेला. बिघडला तर दाद कुठं मागायची हे आधी ठरवून घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' भयखेळ नाही आणि दोघांचाही नाही, पण पोर्टचा क्रम समजायला हे उदाहरण चांगलं आहे. महाराष्ट्रात बनलेला हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवर आला आणि पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. आधी कोणत्या यंत्रावर येणार हे खेळ कुठं बनला त्यावर ठरत नाही, करारावर ठरतं. म्हणून आपल्या यंत्रावर येईल अशा आशेवर आधीच पैसे भरू नका.

जुनं घ्यायला हरकत नाही, फक्त डिस्कची नीट चौकशी करा. प्लेस्टेशन ३ ची डिस्क प्लेस्टेशन ४ किंवा ५ मध्ये चालत नाही. २००९ ची रेसिडेंट ईव्हिल ५ ची डिस्क कुणी दोनशे-तीनशेला देऊ केली तरी तुमच्या प्लेस्टेशन ५ मध्ये ती निरुपयोगी आहे. २०१६ ची आवृत्ती घ्या, ती चालते. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चा खेळ लावला तर जुना डुअलशॉक ४ कंट्रोलरही चालतो. प्लेस्टेशन ५ चा स्वतःचा खेळ लावला की चालत नाही. दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे वाचवायचे असतील तर जुन्या आवृत्तीलाच धरून राहा. एक्सबॉक्स ३६० ची 'लेफ्ट ४ डेड २' ची डिस्क एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्सवर चालते, पण सिरीज एसला डिस्क घालायला जागाच नाही. डिजिटल प्लेस्टेशन ५ चंही तसंच. गावात चार मित्र डिस्कची देवाणघेवाण करत असतील तर डिस्कचं यंत्रच परवडतं.

कन्सोल घेणं शक्य नसेल तर जुना पीसी झटकून काढा. लेफ्ट ४ डेड २ ला पेंटियम ४ आणि २ जीबी रॅम पुरते, एवढी त्याची भूक कमी आहे. नोव्हेंबर २००९ चा हा खेळ स्टीमच्या सेलमध्ये फार स्वस्तात मिळतो आणि पैसे यूपीआयनं भरता येतात. पीसीवर ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणीही नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर विकत घेतलेला खेळ ऑनलाइन खेळायचा तर वर्गणी लागते. ती धरूनच हिशेब करा.

वीज, ऊन आणि डेटा

प्लेस्टेशन ५ साठी कंपनीनं खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस सांगितलंय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं दुपारी पारा चाळीसच्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला कन्सोल चालवला तर पंखा जोरात ओरडतो आणि यंत्र स्वतःहून बंद पडू शकतं. सकाळी लवकर किंवा रात्री खेळा. शोकेसच्या बंद कप्प्यात यंत्र ठेवू नका, मागं वीतभर जागा मोकळी सोडा आणि वरची धूळ मऊ कोरड्या कापडानं पुसत राहा.

लाइट अचानक जाते, हे गृहीत धरूनच चला. रेस्ट मोडवर ठेवलेल्या कन्सोलची वीज गेली की पुढच्या वेळी नीट बंद न केल्याची सूचना येते आणि साठवणीची तपासणी सुरू होते. खेळून झालं की पूर्ण बंद करा, मग बटन काढा. घरातल्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे असतील तर त्यात टीव्ही व कन्सोलची भर घालण्याआधी इलेक्ट्रिशियनला विचारा. राउटरला मात्र छोटा यूपीएस जरूर लावा, तो स्वस्त असतो. चौघांच्या खेळात एकाचं नेट गेलं तर त्याची जागा संगणक घेतो किंवा उरलेल्यांवर सगळा भार येतो. आणि ज्याच्या यंत्रावर खेळ उभा आहे, म्हणजे जो होस्ट आहे, त्याचीच वीज गेली तर सगळ्यांचाच खेळ संपतो. म्हणून होस्ट तोच करा ज्याच्याकडं वीज आणि फायबर दोन्ही भरवशाचं आहे, मग त्याला खेळ कमी येत असला तरी हरकत नाही. 'द फॉरेस्ट'सारख्या खेळात तर तुम्ही बांधलेली झोपडी आणि कुंपण होस्टच्या यंत्रातच साठतं. तो नसला की बाकीचे तिथं जाऊ शकत नाहीत.

खेळताना डेटा फार लागत नाही, उतरवताना लागतो. लेफ्ट ४ डेड २ साधारण १३ जीबीचा आहे. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर त्याला आठवडा जाईल, आणि नवे खेळ याच्या कितीतरी पट मोठे असतात. यावर उपाय आहे. स्टीमनं फेब्रुवारी २०२३ पासून एका पीसीवरचा खेळ त्याच राउटरवरच्या दुसऱ्या पीसीवर थेट पाठवायची सोय दिलीय. प्रत्येकानं खेळ विकत घेतलेला हवा, पण उतरवायचा एकानंच, बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचा. मोबाइलच्या नेटवर आणखी एक अडचण येते. बऱ्याच मोबाइल जोडण्यांना स्वतंत्र पत्ता मिळत नाही, त्यामुळं दोन यंत्रांची थेट गाठ पडत नाही आणि 'कनेक्शन फेल्ड' येत राहतं. कन्सोलच्या नेटवर्क तपासणीत 'एनएटी टाइप ३' किंवा 'स्ट्रिक्ट' दिसलं तर दोष खेळाचा नाही, जोडणीचा आहे. अशा वेळी फायबर असलेल्या मित्राला होस्ट करा.

खेळताना

नवे खेळाडू पहिल्या तासाला एकमेकांवर चिडतात, कारण दोघंही एकट्याचा खेळ खेळत असतात. रेसिडेंट ईव्हिल ५ मध्ये प्रत्येकाकडं नऊच खण आहेत आणि पिशवी उघडली तरी शत्रू थांबत नाहीत. म्हणून पहिल्याच मुक्कामी वाटणी करा. एकानं शॉटगन घ्यायची, दुसऱ्यानं मशीनगन. एकाच जातीची बंदूक दोघांनी घेतली की गोळ्या निम्म्या होतात आणि अटीतटीच्या वेळी दोघंही रिकामे. वाटेत सापडलेल्या गोळ्या ज्याच्या बंदुकीच्या त्याला द्यायच्या, उचलल्या कुणी याला महत्त्व नाही. औषध वापरताना जोडीदाराला चिकटून उभं राहा, एकाच औषधाचा गुण दोघांना येतो. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यानं कितीतरी हिरव्या वनस्पती वाया जातात. जोडीदार कोसळला तर तो काही सेकंदांतच दगावतो. त्यामुळं हाक मारल्यावर तिथं पोचता येईल, एवढंच अंतर ठेवा.

रेव्हलेशन्स २ मध्ये वाटणी खेळानंच करून दिलीय. क्लेअरकडं बंदूक, मोइराकडं टॉर्च आणि पहार. मोइरा बंदूक हातात धरायला तयार नाही. तिच्या टॉर्चच्या झोतानं शत्रू क्षणभर दिपतो आणि लपलेल्या वस्तू दिसतात. दुसऱ्या जोडीत लहानगी नतालिया भिंतीपलीकडचा शत्रू ओळखते आणि बॅरी नेम धरतो. ज्याचा हात अजून कंट्रोलरवर बसलेला नाही त्याला मोइरा किंवा नतालिया द्या. नेम लागत नाही म्हणून तो अडगळ ठरत नाही, उलट त्याच्यावाचून दुसऱ्याचं पान हलत नाही. नवशिक्याला सोबत घ्यायला माझ्या मते याहून चांगला भयखेळ झालेला नाही.

लेफ्ट ४ डेड २ चौघांचा. तिथं एकच नियम पाळला तरी निम्मं काम झालं: पुढं पळायचं नाही. हंटर, स्मोकर, जॉकी, चार्जर यांनी एकट्याला धरलं की सहसा स्वतःला सोडवता येत नाही, दुसऱ्यानंच येऊन सोडवावं लागतं. कोपऱ्यात रडणारी विच दिसली तर टॉर्च बंद करा आणि लांबून वळसा घाला. झोंबी कुठून येणार हे पाठ करून उपयोग नाही, कारण खेळ तुमची अवस्था बघून दर वेळी ते बदलतो. आपली गोळी आपल्या माणसाला लागते. पुढच्यानं वाकायचं आणि मागच्यानं वरून मारायचं, ही सवय लावून घ्या.

बोलणं थोडकं ठेवा. 'इकडं, इकडं' या ओरडण्यानं काहीच कळत नाही. स्प्लिट-स्क्रीनवर तुमची डावी बाजू ती जोडीदाराची डावी नसते. म्हणून जागेच्या खुणा सांगा: 'लाल दारापाशी दोन', 'जिन्याखाली औषध', 'माझ्याकडं तीन गोळ्या'. द फॉरेस्टच्या झाडीत तर चकवा लागल्यासारखं त्याच ओढ्यावर पुन्हा पुन्हा यायला होतं. तिथं एकानं वाट बघायची आणि दुसऱ्यानं फक्त पाठ राखायची, दोघांनी वाट शोधू नये.

घरातल्या मोठ्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. एकदा विकत घेऊन खेळायचे हे भयखेळ त्यात मोडत नाहीत, त्यामुळं ती धास्ती नको. धास्ती वयाची ठेवा. डबीच्या कोपऱ्यात लाल चौकटीत १८ छापलेलं असेल तर तो खेळ अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही. रेसिडेंट ईव्हिल ५, लेफ्ट ४ डेड २, डेड स्पेस ३ हे सगळे त्याच गटातले आहेत. मार्च २०२४ मध्ये पूर्ण झालेला 'द आउटलास्ट ट्रायल्स' चौघांचा आहे आणि त्याची बांधणी उत्तम आहे, पण त्यातला छळ इतका उघडा आहे की तो मी कुटुंबात लावायला कधीच सांगणार नाही. जाणत्या मित्रांनी रात्री हेडफोन लावून खेळावा.

चौदा-पंधराच्या मुलांना भीतीची हौस असेल तर लिटिल नाइटमेअर्सचे पहिले दोन भाग द्या. पहिला २०१७ चा, दुसरा २०२१ चा. अमेरिकी वर्गवारीत ते किशोरवयीनांसाठी धरलेत. रक्तपात फार नाही, पण अंगावर काटा येतो. दोन्ही एकट्याचे असले तरी दोघांनी वाटून खेळता येतात: एक चालवतो, दुसरा कोडं सोडवतो आणि पात्र मेलं की कंट्रोलर बदलतो. त्यात गोडी लागली आणि घरी फायबर असेल, तर पुढच्या वर्षी तिसरा भाग फ्रेंड्स पासवर आतेभावाबरोबर खेळता येईल. तोवर त्याच्याकडं कोणत्या कंपनीचं यंत्र आहे ते विचारून ठेवा.